बडग्याच्या अंगावरचा कोट

नीलू, राजन,

तुमच्या आईला हे ठाऊक नाही. तुमच्या आजोबांबरोबर पस्तीस वर्षं संसार केला, त्यांनाही कळलं नाही. आज पहिल्यांदाच कागदावर उतरवते आहे, आणि ते तुम्हाला. तुम्हालाच का? तुम्ही लांब आहात म्हणून असेल. समोर बसलेल्या माणसाला सांगायचं तर त्याच्याकडे बघावं लागतं. ते मला कधी जमलं नाही.

मागच्या सुटीत नीलूने माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला होता — तोच, सुया, रिळं, हुक ठेवायचा. त्यात पाच पितळी बटणं होती, लाल रेशमात ओवलेली. नीलूने ती गाठ सोडली आणि बटणं फरशीवर मांडून तुम्ही दोघं खेळत बसलात. मी आले आणि ओरडले. मी कधी ओरडत नाही, हे तुम्ही आईला फोनवर सांगितलंत, मी आतून ऐकलं. आजीला वाटलं बटणं हरवतील, अशी तुमची समजूत झाली. मीही ती तशीच राहू दिली.

बटणं हरवण्याची भीती मला नव्हती.

सांगते. सरळ सांगता येईल असं नाही, थोडं फिरून यावं लागेल.

आमचं घर नागपूरच्या इतवारीत, विणकरांच्या गल्लीत. घरात दोन माग होते, जमिनीत खड्डा खणून बसवलेले. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने दाबायच्या पावड्या खाली असतात आणि आडवा धागा नेणारा धोटा हातात. अशा घरातली मी पोर मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले ते दादामुळे. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी त्यानेच मला खांद्यावर बसवून नेलं. गल्लीतले म्हणत, विणकराची पोर इंग्रजी शिकून काय धोट्याले शिकवन? दादा म्हणायचा, शिकवनच, अन् इंग्रजी शिकलेला धोटा तुमच्याहून चार हात जास्त विणन. तो असा होता. उत्तर तयार, हात त्याहून तयार. तुटलेला धागा तो न बघता सांधायचा.

मग लढाई लागली आणि सूत मिळेनासं झालं. सूत नाही तर माग नाही. दादा भरती झाला. लग्नाला वर्षच झालं होतं. रस्ते बांधणाऱ्या पलटणीत त्याला ब्रह्मदेशाच्या सीमेकडे पाठवलं. त्याने बंदूक किती चालवली मला माहीत नाही. डोंगर फोडले, चिखल उपसला, माणसं पुरली — एवढं पत्रांच्या मधल्या जागांतून कळायचं. पत्रं मी वाचून दाखवायची. वहिनी भिंतीला टेकून ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "खाल्लं का, ते लिवलं का त्यायनं?"

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो परत आला.

काय आला? अंगाने आला. दारात उभा राहिला तेव्हा माय त्याच्या गळ्यात पडली, आणि त्याचे हात तसेच खाली, कवायतीतल्यासारखे विजारीच्या शिवणीला लागलेले. घरात त्याला झोप येईना. अंगणातही येईना. तीन दिवसांनी तो आम्हाला सापडला मागाच्या खड्ड्यात — गुडघे पोटाशी, पाठ मातीला, गाढ झोपलेला. मग तीच त्याची जागा झाली. दिवसाही तो खड्ड्यात उतरून बसायचा, विणायचा मात्र नाही. धागा हातात घेतला की बोटं थरथरायची आणि धागा तुटायचा. बाबा तोंड फिरवून उठून जायचे. गिरणीचा भोंगा झाला की दादाचं डोकं खाली. सोनेगावच्या विमानतळाकडे उतरणारं विमान घरावरून गेलं तर जो जवळ असेल त्याला धरून तो खड्ड्यात ओढायचा — मायला, मला, एकदा तर शेळीला. आम्ही हसायचो. तोही मागून हसायचा, पण उशिरा, आम्ही हसतोय म्हणून.

त्याला परत आणलं ते वहिनीने. मी नाही, बाबांनी नाही, देवऋषीने नाही. ती खड्ड्याच्या काठावर बसायची आणि नुसती बडबडायची — कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या भाजीत मीठ जास्त झालं. वहिनी डावखुरी होती. धागा डाव्या हाताने सांधायची, तिची गाठ उलटी पडायची, आणि त्यावरून माय तिला कायम बोलायची. आता दादाचा धागा तुटला की ती झुकून डाव्या हाताने सांधायची आणि धोटा पुन्हा त्याच्याकडे सरकवायची. पहिल्या दिवशी चार धागे. आठवड्याने बोटभर कापड. ती म्हणायची, "साहेब, चार बोटं इणून झाले, आता चहा भेटन." श्रावणात एक वीत झालं. मग हातभर. एका दुपारी मी शाळेतल्या जागेचं विचारून आले तर मागाचा आवाज येत होता, एकसारखा. बाबा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

म्हणजे बघा, सगळं नीट होत होतं. हे आधी सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते काही बिघडलेलं असताना केलं नाही.

आता कोट.

दादा दोन कोट घेऊन आला होता. एक त्याचा, तो त्याने आल्या आल्या मायला पायपुसण्याला दिला. दुसरा त्याच्या सोबत्याचा, उमरेडच्या महादेवचा. तोही विणकराचाच मुलगा. तीन वर्षं एका घोंगडीत झोपलेले दोघं. महादेव तापाने गेला. जाताना म्हणाला, कोट मायले दे. एवढंच. दुसरं काही द्यायला नव्हतं.

तो कोट मागावरच्या खुंटीला टांगलेला असायचा. दादा रोज सकाळी तो झटकायचा, पाचही बटणं राखेने घासायचा, लावायचा, पुन्हा टांगायचा. उमरेडला जायला तो दोनदा निघाला आणि दोनदा स्टेशनवरून परत आला. पहिले काही दिवस वहिनी चिडायची. मेलेल्या माणसाचा कपडा घरात नको, काढून टाका म्हणायची, चार बायकांसमोरही म्हणाली होती. हे लक्षात ठेवा. पण नंतर तिनेच समजूत घातली, पोळा होऊन जाऊ द्या, मग जाऊ आपण दोघंही. दादाने मला बसवून उमरेडला पत्र लिहायला लावलं. पोळा झाला की कोट घेऊन येतो, माय. ते पत्र माझ्या अक्षरात होतं. पत्र पेटीत पडलं त्या रात्री दादा खड्ड्यात न झोपता खाटेवर झोपला. सगळ्या घराला कळत होतं — एकदा हा कोट त्या माउलीच्या हातात पडला की हा माणूस घरी आला.

मलाही कळत होतं. पत्र मीच तर लिहिलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली. मिशनच्याच शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळेल असं चाललं होतं, आणि मोठ्या बाई एकदा घर बघायला येणार होत्या. तसा रिवाजच होता त्यांचा. मी आठ दिवस घर आवरत होते. तुम्ही माझी थट्टा करता ना, आजीच्या कपाटात रुमालसुद्धा रांगेत उभे असतात म्हणून? तेव्हाही तशीच होते. जमीन सारवली, मागावर चादर टाकली, कोट खुंटीवरून काढून आत ठेवला. दादाने तो परत आणून टांगला.

मोठ्या बाई आल्या. खुर्ची शेजाऱ्यांची. चहा झाला. त्या मागाविषयी विचारत होत्या, काठ कसा विणतात म्हणून जवळ गेल्या. दादा उठून उभा राहिला, नीट बोलत होता — आणि विमान आलं.

पुढचं तुम्हाला दिसतच असेल. पांढरं लुगडं, चष्मा, पन्नाशीची बाई मागाच्या खड्ड्यात, आणि दादा वरून अंगाने झाकून बसलेला, ओरडतोय, हलू नका. विमान गेलं. त्याने त्यांना हात देऊन वर काढलं आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, त्यांनी मला वाचवलंच की. आणि हसल्या, चांगल्या हसल्या, जाताना त्याला नमस्कार करून गेल्या. पण मी ते हसणं तसं ऐकलं नाही. मला ऐकू आलं ते दुसऱ्या दिवशी विहिरीवरचं — "शांते, तुही मोठी बाई मागावर बसली म्हंते, किती हात इणलं वं तिनं?" आठ दिवस ते चाललं. आठ दिवस शाळेकडून पत्र नाही.

हे कारण आहे का? मी अनेक वर्षं स्वतःला हे कारण सांगितलं. नाही. शरम आली होती एवढंच. शरम सगळ्यांनाच येते.

तुम्ही मारबत पाहिलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, काळी आणि पिवळी, मोठाल्या बायकांच्या आकृत्या. त्यांच्याबरोबर गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे पेंढ्याचा, कागदाचा, जुन्या कपड्यांचा पुरुष. ज्या गोष्टीने त्या वर्षी लोकांना छळलं तिचा बडग्या करायचा — महागाईचा, रोगाचा, काळ्या बाजाराचा. लोक मागून ओरडतात, इडापिडा, खोकला, ताप, सगळं घेऊन जा गे मारबत. आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. ज्याच्या घरात जे दुखणं, त्याने ते मनातल्या मनात तिच्या पदरात टाकायचं. माझी माय दरवर्षी दाराशी उभी राहून हे करायची. मी शिकलेली, मी हसायचे.

त्या वर्षी आमच्या गल्लीने लढाईचा बडग्या केला. डोक्यावर मातीचं मडकं, हातात बांबूची बंदूक. अंगात घालायला खाकी काही मिळेना, म्हणून बडग्या करणारे मारबतीच्या सकाळी घरोघर विचारत फिरत होते.

दादा नदीवर आंघोळीला गेला होता. बाबा बाहेर. माय आणि वहिनी चुलीशी. मागच्या दाराने आवाज आला, काही खाकी आहे का. मी म्हटलं, थांबा.

मी खुंटीवरून कोट काढला. मनात काय होतं? हे की हा कोट गेला म्हणजे लढाई जाईल. घरातलं दुखणं हेच, आणि दुखणं मारबतीला द्यायचं असतं. मी तेवढ्या वेळापुरती मायसारखी झाले — आणि असं झाल्याचा मला एक बहाणाही मिळाला. आत, त्याच्याही खाली, दुसरं होतं. दादाला लागावं असं वाटत होतं. थोडंसं. त्याच्यामुळे जसं मला लागलं तसं.

यावरही कुणी म्हणेल, पोरगी होती, रागाच्या भरात केलं. म्हणूनच बटणांचं सांगायला हवं. मी कोट घेऊन आतल्या खोलीत गेले. कात्री घेतली. आणि पाचही बटणं एकेक करून कापली, धागा ओढून काढला, बटणं डब्यात ठेवली. चांगली पितळी बटणं जाळायची कशाला? रागाच्या भरात असलेला माणूस बटणं कापत बसतो का? मग कोट वर्तमानपत्रात गुंडाळला, कोपरे दुमडले, आणि दाराबाहेर दिला. कुणाकडून घेतला ते सांगू नका म्हटलं. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मिरवणूक आली तेव्हा आम्ही सगळे ओट्यावर. दादा नदीवरून सरळ येऊन वहिनीशेजारी उभा राहिला होता, घरात गेलाच नव्हता. बडग्या वळणावरून पुढे आला. कोट उघडा, आत पेंढा. मी दादाकडे बघत होते. त्याने ओळखला. कोपरावर एक ठिगळ होतं, त्यानेच लावलेलं.

तो ओरडला नाही. टाचा जुळवल्या आणि सलाम केला. बडग्या जाईपर्यंत हात कपाळाशी. लोकांना वाटलं गंमत करतोय, दोघा-चौघांनी समोर येऊन तसाच सलाम ठोकला, हशा झाला. मग तो ओट्यावरून उतरला आणि मिरवणुकीमागून चालू लागला. जाळेपर्यंत तिथेच होता म्हणतात. पुढे झाला नाही, मागे आला नाही. दिवेलागणीला घरी आला तेव्हा केसांना धुराचा वास होता.

खुंटीकडे त्याने बघितलंच नाही. विचारलं, "कोट कोनं देला?"

वहिनी म्हणाली, "म्या नाही देला. तुमची आन."

कुणी तिला विचारलं नव्हतं. पण तो कोट घरातून काढा म्हणून बोललेली तीच होती, आणि ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. मायने तिच्याकडे बघितलं. बाबांनी बघितलं. दादाने मात्र माझ्याकडे बघितलं. आधार मागावा तसं बघितलं.

"शांते, तू सांग वं. तू शाळा शिकली. तू खोटं नाही बोलत."

मी म्हटलं, "मले नाही मालूम."

बस. तीन शब्द. ह्या तीन शब्दांपाशी यायला मला इतकी पानं लागली, आणि इतकी वर्षं.

त्याने वहिनीला काही म्हटलं नाही. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं का? त्याने फक्त तिच्या हातचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मायने वाढलेलं खायचा. मागावर बसला नाही. ते हातभर कापड तिथेच राहिलं, आणि तो परत खड्ड्यात झोपू लागला. वहिनी काठावर बसून बोलायची, तो ऐकायचा नाही, मग एके दिवशी तीही उठली.

मारबतीनंतर आठव्या दिवशी शाळेचं पत्र आलं. जागा मला दिली होती. मोठ्या बाईंनी खाली आपल्या हाताने लिहिलं होतं, तुमच्या भावाची प्रकृती कशी आहे?

दसऱ्यानंतर उमरेडहून महादेवची माय आली. पत्र मिळालं होतं ना तिला, आणि कुणी येईना, म्हणून तीच आली. हातात पोह्यांची पुरचुंडी. दादा तिच्या पाया पडला आणि तसाच खाली बसून राहिला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ती म्हणाली, "लेकराचा कोट कुठी हाये?"

त्या वेळी मी बोलू शकत होते. माझ्याकडे निदान पाच बटणं होती, चार पावलांवर, डब्यात.

वहिनी पुढे झाली. "माह्या हातून गेला, माय. म्या देऊन टाकला. चूक झाली."

म्हातारी दादाकडे वळून म्हणाली, "लई जड होता काय गा तो?"

"नाही, माय. गरम होता," दादा म्हणाला.

तिने मान हलवली. तेवढंच तिला हवं होतं, असं वाटलं. वहिनीने आतून एक लुगडं आणलं — दादाने अर्धवट सोडलेलं तेच, तिने पुरं करून मागावरून कापलं होतं. म्हातारीने त्यावरून बोट फिरवलं. विणकराघरची बाई. एका जागी बोट थांबलं. म्हणाली, हे दोघांच्या हातचं आहे. आणि ते लुगडं डोक्याला लावून घेऊन गेली.

वहिनीने ते आपल्या अंगावर का घेतलं? तिला माहीत होतं का? तेव्हा मला वाटलं, म्हातारीला कुणीतरी काहीतरी सांगायला हवं म्हणून ती बोलली. दादाला वाटलं, अखेर तिने कबूल केलं.

दिवाळीनंतर तो नरखेडकडे एका संत्र्याच्या बागेत राखणदार म्हणून गेला. तिथे विमानं जात नव्हती आणि कुणी विणत नव्हतं. सणाला एखाद दिवस यायचा, पोळ्याला कधीच नाही. वहिनी इतवारीतच राहिली, माय-बाबांचं केलं, त्याच मागावर विणत राहिली. मूल झालं नाही. कसं होणार?

माझं लग्न दोन वर्षांनी ठरलं. सासरी निघायच्या आदल्या दिवशी मी पेटी भरत होते. डबा उघडला. बटणं सुटी टाकली होती मी. ती आता लाल रेशमात ओवलेली होती, काठाच्या रेशमात, आणि गाठ उलटी पडलेली होती.

घरात उलटी गाठ एकच माणूस मारायचं.

केव्हा सापडली असतील तिला? म्हातारी यायच्या आधी की नंतर? सुई शोधताना? मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझी ओटी भरली. तांदूळ, खोबरं, कुंकू. डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "डबा घेतला ना वं? इथं नोको ठेवू."

म्हणजे दादाच्या हाती लागेल म्हणून. त्याला बहीण तरी राहू दे म्हणून. मी मान हलवली आणि टांग्यात बसले.

एकदा मी नरखेडला गेले होते. तुमची आई तेव्हा पाच वर्षांची होती. दादा थकला होता, पण शांत दिसला. त्याने झाडावरची संत्री काढली, तुमच्या आईला सोलून दिली, एकेक फोड, शिरा काढून. बोटं थरथरत नव्हती. मी त्या बोटांकडेच बघत होते. निघताना, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तुही वहिनी बरी हाये काय?"

दहा वर्षांनी त्याने तिचं नाव काढलं होतं. काही बोलायचं असेल तर तीच वेळ होती. बस यायला अजून अवकाश होता. मी शिक्षिका होते. वर्गात मुलींना सांगायचे, खरं बोला.

मी म्हटलं, बरी आहे. आणि संत्र्यांची पिशवी घेऊन बसमध्ये चढले.

तो आधी गेला, बागेतच. वहिनी नंतर सहा वर्षांनी. निरोप आला तेव्हा तिने चुडा फोडला नाही, मागावर बसली आणि रात्रीपर्यंत विणत राहिली, असं माय म्हणायची. मी दोघांच्याही दहाव्याला गेले. दोन्ही वेळा डबा घरीच ठेवला होता, कपाटात, त्याच्या जागी.

नीलू, तू सोडलीस ती गाठ वहिनीची होती. तू गेल्यावर मी ती पुन्हा बांधायचा प्रयत्न केला. डाव्या हातानेही करून बघितला. माझी गाठ सरळ पडते. आता रेशीम वेगळं ठेवलं आहे आणि बटणं डब्यात सुटीच आहेत. पाच.